विश्लेषण : पहिल्याच पावसाळ्यात मधमाश्यांची पेटी रिकामी का होते?

मधमाशीपालनाचे प्रशिक्षण झाले, अनुदानातून पेट्या मिळाल्या, मार्च-एप्रिलमध्ये चौकटी माश्यांनी गच्च भरल्या. सप्टेंबरमध्ये झाकण उघडले तर आत काळवंडलेली पोळी आणि मेणकिड्याची जाळी. सह्याद्रीच्या पट्ट्यात नव्याने हा जोडधंदा सुरू करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. अशा पेटीत मेलेल्या माश्यांचा खच नसतो. माश्या निघून गेलेल्या असतात. ‘पळाल्या’ असे म्हणून विषय नशिबावर सोडला जातो. प्रत्यक्षात माश्या एका दिवसात निर्णय घेत नाहीत. त्याची चिन्हे दोन-तीन आठवडे आधी चौकटीवर दिसू लागतात. ती ओळखायची तर राणी, थवा आणि खाद्य या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

योजना वाढत असताना अडते कुठे?

केंद्र सरकारने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध मिशनसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध मोहीम त्याच्याही आधीपासून पेट्यांचे वाटप करत आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षणाची सोय आहे.

म्हणजे पेटी मिळण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण पुढे येते. पेटी कशी उघडायची हे काही दिवसांत शिकता येते. ती कधी उघडायची आणि उघडल्यावर काय पाहायचे, हे कळायला फुलोऱ्याचे आणि टंचाईचे एक पूर्ण वर्ष जावे लागते. नवशिक्याची वसाहत बहुतेक वेळा याच पहिल्या वर्षात हातची जाते.

सातेरी माशी घर का सोडते?

महाराष्ट्रात आग्या, फुलोरी, सातेरी आणि डंख नसलेली पोयाची माशी या देशी माश्या आढळतात. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्यामुळे त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी मात्र अंधाऱ्या पोकळीत राहते. झाडाची ढोली, दगडी बांध, वारूळ अशा जागी ती शेजारी शेजारी समांतर पोळी बांधते. लाकडी पेटी ही तिच्यासाठी माणसाने तयार केलेली ढोलीच आहे.

पेटीत राहणारी दुसरी माशी म्हणजे मेलिफेरा. तिला ‘इटालियन माशी’ही म्हणतात. १९६०च्या दशकात ती हिमाचल प्रदेश आणि पंजाबात स्थिरावली आणि तेथून देशभर पसरली. मोहरी, सूर्यफूल अशा पिकांच्या मागे पेट्या फिरवणारे व्यावसायिक हीच माशी पाळतात. तिचे मधाचे उत्पादन सातेरीच्या काही पट असते. सातेरीच्या वसाहतीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळाला तरी तो चांगला मानला जातो. मात्र डोंगरातला पाऊस, जंगलातली विखुरलेली फुले आणि घराच्या परड्यात एकाच जागी ठेवलेल्या दोन-चार पेट्या, अशा परिस्थितीत सातेरीच अधिक जुळते.

तिचा स्वभाव मात्र वेगळा आहे. टंचाई आली की मेलिफेरा साठ्यावर तग धरण्याकडे झुकते, तर सातेरी जागा बदलण्याकडे. एका डोंगरावरचा फुलोरा संपला तरी पलीकडच्या खोऱ्यात काही ना काही फुललेले असते, अशा प्रदेशात तिची ही सवय घडली आहे. भूक, मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन, वारंवार केलेली उघडझाप यांपैकी काहीही वाढले की ती घर सोडते. माशीचा हा दोष नव्हे, तिची जगण्याची रीतच ती. पाळणाऱ्याचे काम एवढेच, की जाण्याचे कारण तिला मिळू नये.

पेटीत राणी शोधायची की अंडी?

नवशिक्या पाळणारा पेटी उघडली की राणी शोधू लागतो. हजारो माश्यांत एक लांबट, गडद माशी हुडकताना दहा-पंधरा मिनिटे जातात. तोवर पोळी थंड पडतात, माश्या बिथरतात. सातेरी तशीही चौकटीवर स्थिर राहत नाही. धूर जास्त झाला तर एका कोपऱ्यात पळून गोळा होते.

राणी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असे नाही. तिची अंडी दिसली की पुरे. कप्प्याच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरे, उभे अंडे पाहायचे. अंडे तीन दिवस टिकते. पहिल्या दिवशी ते उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते. मग त्यातून अळी बाहेर पडते. म्हणजे अंडे दिसले याचा अर्थ गेल्या तीन दिवसांत पेटीत राणी होती. उभे अंडे दिसले तर ती बहुधा अजूनही आहे.

अंड्यांबरोबर त्यांची मांडणीही पाहावी. चांगली राणी पोळ्याच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सलग अंडी घालत जाते. झाकलेल्या कोषांचा भरीव पट्टा दिसतो, त्याभोवती पराग आणि वर मध. मधेमधे बरेच कप्पे रिकामे आणि अंडी विखुरलेली दिसत असतील, तर राणी म्हातारी झाली असावी किंवा पिल्लांना रोग असावा. राणी दोन-तीन वर्षे जगू शकते. पण अंडी घालण्याचा तिचा जोर पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो. त्यामुळे अनुभवी पाळणारे वर्ष-दीड वर्षाने राणी बदलली जाईल याकडे लक्ष देतात.

तपासणी उघडीप असलेल्या दिवशी, ऊन वर आल्यावर करावी. फुलोऱ्याच्या काळात आठ-दहा दिवसांतून एकदा पुरते. चौकट नेहमी पेटीच्या वरच धरावी, म्हणजे राणी निसटली तरी पेटीतच पडेल. पाच मिनिटांत काम संपवून झाकण लावावे. तोंडावर जाळीचा बुरखा हवाच. डंखानंतर श्वास अडकणे, घसा दाटणे, अंगभर पित्त उठणे असे काही झाले, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे.

राणी मेली किंवा हरवली तर?

राणी नाहीशी झाल्याचे माश्यांना काही तासांत कळते. पेटीतला एकसुरी गुंजारव बदलून अस्वस्थ घोंघाट येऊ लागतो. तीन दिवसांहून लहान अळ्या शिल्लक असतील, तर कामकरी माश्या त्यांतल्या काही अळ्यांचे कप्पे वाढवून राणीघरे बनवतात आणि त्या अळ्यांना अखेरपर्यंत केवळ राजान्न, म्हणजेच रॉयल जेली, भरवतात. राणी आणि कामकरी यांच्या अंड्यांत फरक नसतो. पुढे काय व्हायचे ते अळीला मिळणाऱ्या अन्नावर ठरते.

अंड्यापासून राणी साधारण १५-१६ दिवसांत तयार होते, तर कामकरी माशीला सुमारे तीन आठवडे लागतात. नवी राणी बाहेर पडली की काही दिवसांनी मीलनासाठी उडते. आकाशात अनेक नरांशी तिचे मीलन होते आणि ते बीज ती जन्मभर साठवून वापरते. मग अंडी सुरू होतात. या साऱ्याला राणी गेल्या दिवसापासून तीन-चार आठवडे लागतात. नव्या राणीची पहिली कामकरी माशी बाहेर यायला आणखी तीन. एवढ्या काळात जुन्या माश्या मरत असतात, त्यामुळे वसाहत निम्म्यावर येते. म्हणून फुलोऱ्यात राणी गेली तर दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट लगेच देणे, हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. मात्र त्यासाठी दुसरी पेटी असावी लागते. नवशिक्याने एका पेटीने नव्हे, दोन पेट्यांनी सुरुवात करावी असे सांगतात ते यासाठीच.

उशीर झाला तर अडचण वाढते. राणी नाही, अळ्याही संपल्या, की कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. सातेरीत हे फार लवकर घडते. एका कप्प्यात दोन-तीन अंडी, काही भिंतीला चिकटलेली, असे दिसले की ओळखावे. या अंड्यांचे फलन झालेले नसल्याने त्यांतून फक्त नर निघतात. अशा वसाहतीला नवी राणी दिली तरी ती सहसा स्वीकारली जात नाही. मग ती दुसऱ्या सशक्त वसाहतीत मिसळणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. संध्याकाळी सशक्त पेटीवर बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर दुबळी पेटी ठेवतात. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोहोचतात, तोवर वास मिसळलेला असतो आणि भांडण टळते.

थवा निघणे आणि पेटी सोडून जाणे यांत फरक काय?

पेटीतून माश्यांचा लोट बाहेर पडताना दोन्ही वेळा दृश्य सारखेच दिसते. कारणे मात्र अगदी उलटी असतात. थवा निघतो तो भरभराटीमुळे, तर पेटी सोडली जाते ती हलाखीमुळे. उपायही त्यामुळे वेगळे.

थवा निघण्याआधीची चिन्हे :
- चौकटी माश्यांनी दाटलेल्या, नवी अंडी घालायला जागा नाही.
- नरांची संख्या वाढते. सातेरीच्या नरकोषाचे झाकण टोपीसारखे उंच असून त्याच्या मध्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे ते सहज ओळखू येते.
- पोळ्याच्या खालच्या कडेला बोंडासारखी लोंबणारी अनेक राणीघरे.
- पहिली राणीघरे बंद झाली की जुनी राणी साधारण निम्म्या माश्या घेऊन निघते. उरलेल्या माश्या आणि नवी राणी पेटीतच राहतात.

पेटी सोडण्याआधीची चिन्हे :
- अंडी घालणे थांबते. आधी अंडी, मग अळ्या दिसेनाशा होतात, फक्त झाकलेले कोष उरतात.
- पायाला परागाच्या गोळ्या लावून येणाऱ्या माश्या कमी होतात.
- साठवलेला मध झपाट्याने संपतो.
- राणीघर एकही नसते. शेवटचे कोष फुटले की एका सकाळी सगळी वसाहत निघून जाते.

चौकटीवर अंडी आणि राणीघरे भरपूर असतील तर माश्यांना जागा हवी आहे. अंडी नाहीत आणि राणीघरेही नाहीत, तर त्यांना अन्न किंवा शांतता हवी आहे. हा एक फरक कळला तरी अर्धे नुकसान टळते.

थवा रोखता येतो का?

थवा सोडणे हे वसाहतीचे पुनरुत्पादन आहे. ते पूर्ण थांबवता येत नाही, पण आपल्या सोयीने वळवता येते. पहिला उपाय जागेचा. मुख्य पेटी भरत आली की वरचा मधकक्ष वेळेत चढवावा, मेणपत्रा लावलेल्या नव्या चौकटी द्याव्यात, दुपारी पेटीवर सावली असावी.

दुसरा उपाय विभाजनाचा. राणीघरे दिसू लागली की जुनी राणी, कोषांच्या दोन चौकटी आणि मध-परागाची एक चौकट माश्यांसह नव्या पेटीत हलवतात. राणीघरे जुन्या जागीच ठेवतात, त्यांतली एक-दोन पुष्ट ठेवून बाकीची काढून टाकतात. बाहेर चरायला जाणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात, म्हणून नव्या पेटीत आणखी एका चौकटीवरच्या तरुण माश्या झटकून घालाव्या लागतात. थवा निघाला असता तर जे झाले असते, तेच येथे पाळणाऱ्याच्या नजरेसमोर होते आणि एका पेटीच्या दोन होतात.

काही जण राणीघर दिसले की खुडून टाकतात. हे धोक्याचे आहे. थवा आदल्या दिवशीच निघून गेला असेल तर ही राणीघरेच वसाहतीची शेवटची आशा असतात. आधी उभी अंडी शोधावीत, राणी आहे याची खात्री करावी, मगच हात लावावा. शिवाय प्रत्येक राणीघर थव्याचे नसते. पोळ्याच्या मधोमध दिसणारी राणीघरे राणी हरवल्याची खूण असतात. एखाद-दुसरेच राणीघर असेल, तर माश्या म्हाताऱ्या राणीची बदली करत असतात. या दोन्ही वेळी माश्यांना त्यांचे काम करू देणे उत्तम.

दारावर बसवायची राणी-जाळी हा आणखी एक उपाय. तिच्या फटीतून कामकरी जातात, राणी जाऊ शकत नाही. नव्या पकडलेल्या वसाहतीला पहिले आठ-दहा दिवस ती उपयोगी पडते. कायम ठेवली तर मात्र नवी राणी मीलनासाठी बाहेर पडू शकत नाही आणि वसाहत आतल्या आत संपते. कैद हा भुकेवरचा उपाय नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते.

निघालेला थवा पुन्हा धरता येतो?

येतो, बहुतेक वेळा सहज. पेटीतून निघालेला थवा आधी जवळच्या फांदीवर लोंबकळत बसतो. शोधक माश्या नवी जागा पाहून येईपर्यंत तो तिथे काही तास, कधी एखादा दिवस थांबतो. माश्यांची पोटे मधाने भरलेली असतात आणि राखायला पिल्ले नसतात, म्हणून त्या सहसा शांत असतात. तरीही बुरखा घालूनच जवळ जावे.

थव्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा, खाली कापडी पिशवी किंवा पेटी धरावी आणि फांदीला एक जोरदार झटका द्यावा. राणी आत पडली की उरलेल्या माश्या मागोमाग येतात. ती बाहेर राहिली तर सगळ्या पुन्हा फांदीवर जातात आणि काम पहिल्यापासून करावे लागते. संध्याकाळी थवा पेटीत घालून, दुसऱ्या वसाहतीतली अळ्यांची एक चौकट द्यावी. पिल्ले सोडून जायला माश्या सहजी तयार होत नाहीत. पहिले चार-पाच दिवस पाक द्यावा, कारण नवी पोळी बांधायला मेण लागते आणि मेण तयार करायला भरपूर साखर खर्ची पडते.

साखरेचा पाक केव्हा, किती आणि कसा द्यायचा?

महाबळेश्वरला पावसाळ्यात सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा झडीत माश्या कितीतरी दिवस बाहेरच पडू शकत नाहीत, आणि पडल्या तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. कोकण आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा टंचाईचा काळ. विदर्भ-मराठवाड्यात कडक उन्हाळाही तसाच. खाद्य द्यायचे ते या काळात, फुलोऱ्यात नव्हे.

गरज आहे की नाही ते चौकटच सांगते. पिल्लांच्या पट्ट्याच्या वर मेणाने झाकलेल्या मधाची तीन-चार बोटे रुंद पट्टी प्रत्येक चौकटीवर असेल तर घाई नाही. ती बोटभर उरली की पाक सुरू करावा. अळ्या दिसेनाशा होईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

पाकाचे प्रमाण सोपे आहे. जेवढी साखर तेवढेच पाणी. पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात पांढरी साखर विरघळवावी आणि पूर्ण थंड करावे. साखर करपू देऊ नये. सातेरीच्या एका वसाहतीला टंचाईत आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखरेचा पाक पुरतो. दुबळ्या वसाहतीला एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडा थोडा, पण नियमित द्यावा. गूळ आणि काकवी टाळावी, त्याने माश्यांचे पोट बिघडते. बाजारातला किंवा दुसरीकडचा मधही देऊ नये, त्यातून रोग येऊ शकतो.

पाक पेटीच्या आतच ठेवावा. झाकणाला बारीक छिद्रे पाडलेली बाटली उलटी ठेवली तरी चालते, नाहीतर नारळाची करवंटी. करवंटीत काड्या किंवा गवत टाकले म्हणजे माश्या बुडत नाहीत. वेळ नेहमी संध्याकाळची. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर वासाने इतर पेट्यांतल्या माश्या येतात आणि दुबळी वसाहत लुटली जाते. सर्व पेट्यांना एकाच संध्याकाळी पाक द्यावा आणि दुबळ्या पेटीचे दार एक-दोन माश्या जातील एवढेच उघडे ठेवावे. दोन दिवसांत न संपलेला पाक आंबतो, तो काढून टाकावा.

साखर ही फक्त ऊर्जा देते. पिल्ले वाढवायला प्रथिने लागतात आणि ती परागातून मिळतात. लांबलेल्या झडीत पराग संपला तर पाक असूनही अळ्या कमी होत जातात. अशा वेळी सोयाबीनच्या पिठासारखा पर्यायी आहार प्रशिक्षकाला विचारून देता येतो.

पाक दिला म्हणजे मध भेसळीचा ठरतो?

मधकक्ष काढलेला असताना, टंचाईत, जगण्यापुरता दिलेला पाक माश्या खाऊन संपवतात. त्याचा विक्रीच्या मधाशी संबंध येत नाही. फुलोरा सुरू झाल्यावर किंवा मधकक्ष चढवलेला असताना पाक दिला, तर तो साठ्यात जातो. साखरेचा पाक माश्यांच्या पोटातून फिरून आला म्हणून मध होत नाही, आणि प्रयोगशाळेत तो ओळखताही येतो. म्हणून मधकक्ष चढवण्याआधी पाक बंद, हा नियम कडक पाळावा लागतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू मध काढताना येते. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध मिळतो तेव्हा पावसाळा तोंडावर असतो. मधकक्षातला मध यंत्राने काढावा, खालच्या पेटीतला मात्र माश्यांसाठी ठेवावा. मे महिन्यात खालच्या चौकटीही पिळून घेतलेला किलोभर मध जुलैत संपूर्ण वसाहतीच्या किमतीला पडतो. तोवर आणलेली साखर हा त्याला पूर्ण पर्याय होत नाही.

पावसाळ्यात राणी गेली तर?

हा सर्वांत अवघड प्रसंग. जुलै-ऑगस्टमध्ये नर जवळपास नसतात आणि संततधारेत राणीला मीलनासाठी उडता येत नाही. माश्यांनी नवी राणी बनवली तरी तिचे मीलन होत नाही. त्यामुळे फुलोऱ्यात उपयोगी पडणारा ‘चौकट द्या आणि वाट पाहा’ हा उपाय येथे चालत नाही. अशा वेळी वसाहत दुसरीत मिसळावी आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा विभाजन करावे. दोन दुबळ्या पेट्या मरण्यापेक्षा एक सशक्त पेटी जगलेली बरी.

म्हणून राणीची खरी परीक्षा मे महिन्यातच घ्यायची. तिची अंडी विरळ असतील तर पावसाआधी, नर असतानाच, नवी राणी तयार होऊ द्यावी.

बाकीची तयारी साधी आहे. माश्यांनी झाकल्या जात नाहीत अशा जास्तीच्या चौकटी काढून घ्याव्यात, कारण मेणकिडा रिकाम्या पोळ्यातच अंडी घालतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर मुंगळे चढत नाहीत. दार वाऱ्या-पावसाच्या दिशेला नसावे, पेटी किंचित पुढे कलती असावी, छतावर पत्रा असावा. तळफळीवरचा कचरा दर पंधरवड्याला झाडावा. पावसात चौकटी उचलू नयेत. दारातली ये-जा आणि पेटीचे वजन यांवरून बरेच कळते.

सुरुवात केव्हा करावी?

मध दिसतो म्हणून अनेक जण एप्रिल-मेमध्ये पेट्या घेतात आणि महिनाभरात पाऊस गाठतो. त्याऐवजी पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली तर सात-आठ महिने हाताशी राहतात. वसाहत वाढताना दिसते, थव्याची चिन्हे ओळखता येतात, विभाजनाचा सराव होतो आणि मग टंचाईला सामोरे जाता येते. प्रत्येक पेटीला क्रमांक देऊन वहीत तारीख, अंडी, राणीघरे, मधाची पट्टी एवढ्या चार नोंदी ठेवल्या तरी पुढच्या वर्षी त्याच कामी येतात. आसपासच्या शेतात कीटकनाशकाची फवारणी कधी होणार हे विचारून ठेवावे. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर व्हावी यासाठी शेजाऱ्याशी बोलणे हाही या व्यवसायाचा भाग आहे.

एका रिकाम्या पेटीने एवढे काय बिघडते?

सातेरीच्या पेट्यांत येणाऱ्या अनेक वसाहती जंगलातल्या ढोलींतून पकडलेल्या असतात. पेटी रिकामी झाली की ती भरायला आणखी एक ढोली फोडली जाते. १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूने दक्षिणेकडील राज्यांत सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. त्यातून सावरायला मधमाशीपालनाला अनेक वर्षे लागली. जंगलातला साठा अमर्याद नाही, याची ती आठवण होती. आंबा, काजू, जांभळापासून शेतातल्या भाजीपाल्यापर्यंत परागीभवनाचे काम याच माश्या करतात. मांघरसारख्या गावाचे उत्पन्न तर थेट त्यांच्यावर उभे आहे.

म्हणून योजनेचे यश मोजताना किती पेट्या वाटल्या यापेक्षा त्यांतल्या किती पेट्यांत ऑक्टोबरमध्ये अंडी दिसली, हा आकडा अधिक खरा ठरेल. नवशिक्यासाठीही तोच हिशेब लागू पडतो. पहिल्या वर्षी मध किती निघाला हे दुय्यम. पावसाळा संपल्यावर वसाहत पेटीत टिकून असेल, तर दुसऱ्या वर्षी त्या एका पेटीच्या दोन करता येतात आणि जंगलातल्या ढोलीला हात लावावा लागत नाही.